आधी माणसं, मग स्कॅनर: स्थानिक पंक आणि झीनची नोंद कशी करावी

जुन्या गिगचे (बँडच्या छोट्या कार्यक्रमांचे) फ्लायर, झीन म्हणजे हौशी मंडळींनी स्वतः लिहून झेरॉक्सवर काढलेली छोटी मासिकं, आणि हाताने नावं लिहिलेल्या डेमो (नमुना रेकॉर्डिंग) कॅसेट्स असं भरलेलं खोकं हाती आलं, की बहुतेक जण त्याच संध्याकाळी स्कॅनर सुरू करतात. महिन्याभराने शेकडो फाइली तयार होतात. पण हे कोणी काढलं, कधी काढलं, किती प्रती निघाल्या, आपल्याकडे कोणाकडून आलं, हे त्यातल्या एकीबद्दलही धड सांगता येत नाही. कागद अजून बरीच वर्षं तग धरेल. त्या कागदाबद्दल सांगू शकणारं माणूस मात्र उद्या गाव बदलेल, विसरेल किंवा राहणार नाही. म्हणून कामाचा क्रम उलटा हवा. स्कॅनिंग या लेखात सातव्या टप्प्यावर येतं, आणि ते मुद्दाम.

टप्पा १: हद्द आखा

कोणता भाग, कोणती वर्षं, कशाकशाची नोंद, हे एका पानावर लिहून काढा. पंक कुठे संपतं आणि हार्डकोर, मेटल किंवा नॉइझ असे शेजारचे संगीतप्रकार कुठे सुरू होतात, या वादात पडू नका. दोन बँड एकाच गिगला वाजवत असतील, एकाच झीनमध्ये छापून येत असतील, तर दोन्ही हद्दीच्या आत. त्या मंडळींनी स्वतः जी रेघ ओढली नव्हती, ती आपण ओढू नये.

सुरुवात लहान ठेवा. एका झीनचे सगळे अंक किंवा एका जागेत झालेले सगळे गिग एवढं वर्षभराला पुरे. "सगळंच गोळा करू" म्हणणाऱ्यांची कामं अर्ध्यात पडतात, आणि लोकांची खोकी त्यांच्या घरी अडकून राहतात.

टप्पा २: परवानगी आणि पोच

ज्याच्याकडे खोकं आहे तो कागदाचा मालक. मजकुराचा, चित्राचा, फोटोचा, गाण्याचा हक्क मात्र ज्याने ते केलं त्याच्याकडे असतो. खोकं देणाऱ्याची सही या बाकीच्या लोकांच्या वतीने चालत नाही. इथेच सर्वाधिक जण चुकतात.

दोन कागद तयार ठेवा. पहिला पोचपावतीचा: काय घेतलं, किती नग, परत कधी देणार, दोघांच्या सह्या. दुसरा परवानगीचा. त्यात तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. जतनासाठी प्रत काढू का? समोर येऊन बघणाऱ्याला दाखवू का? इंटरनेटवर टाकू का? पहिल्याला हो म्हणणारा तिसऱ्याला नाही म्हणू शकतो, आणि त्याला तशी कारणं असतात. पंचवीस वर्षांपूर्वी चाळीस प्रतींच्या झीनमध्ये जे मोकळेपणाने लिहिलं, ते चाळीस ओळखीच्या माणसांसाठी लिहिलं होतं. जगभरच्या शोधयंत्रांसाठी ते नव्हतं. झीन सांभाळणाऱ्या ग्रंथपालांनी २०१५ साली आपली आचारसंहिता लिहून काढली, तिच्या मुळाशीही हीच काळजी आहे.

सावधान: "घेऊन जा, काय हवं ते कर" हे प्रेमाने म्हटलेलं वाक्य आहे, परवानगी नाही. तिन्ही प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या.

खोकं हातात घेताना फोनवर पाच मिनिटं रेकॉर्ड करायची तयारीही ठेवा, अर्थात विचारून. "हे कुठे ठेवलं होतं, कोणी जमवलं, यातलं काय तुम्ही काढलेलं आणि काय इतरांकडून आलेलं?" एवढं बास. ही पाच मिनिटं नंतरच्या दोन तासांच्या मुलाखतीपेक्षा जास्त कामी आल्याचं मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

टप्पा ३: खोकं उघडणं

हात धुऊन कोरडे करा. झाकण उघडा आणि काहीही न हलवता वरून फोटो काढा. मग एकेक थर उचलत प्रत्येक थराचा फोटो. वस्तू एकमेकींत खोचलेल्या असतील तर त्या तशाच दिसतील असा फोटो आधी, वेगळ्या करणं नंतर.

माझ्या हातून पहिल्याच खोक्यात झालेली चूक सांगतो. झीनच्या मधल्या पानांत घडी घालून ठेवलेली पत्रं होती. मी सगळी पत्रं एकीकडे, झीन दुसरीकडे, फ्लायर आकारानुसार अशा नेटक्या चळती लावल्या. अंकांवर साल नव्हतं. पत्रांच्या पाकिटांवर पोस्टाचा शिक्का होता. कोणतं पत्र कोणत्या अंकासोबत आलं होतं हे कळलं असतं, तर प्रत्येक अंकाला तारीख मिळाली असती. ती तारीख माझ्या हातात होती आणि मीच ती मोडून टाकली. ते अंक आजही "साल अनिश्चित" असेच नोंदलेले आहेत.

वस्तू वेगळ्या करताना रबरबँड काढून टाका, ते वितळून कागदाला चिकटतात. पिना गंजल्या नसतील तर त्यांना हात लावू नका. चकचकीत, मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत झेरॉक्स ठेवू नका. झेरॉक्सची शाई म्हणजे कागदावर वितळवून बसवलेली पूड. पीव्हीसीतल्या मऊपणा आणणाऱ्या द्रव्याने ती सुटते आणि पाकिटाला चिकटून निघते. ओढून काढलं की पान कोरं आणि अक्षरं प्लॅस्टिकवर. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं चालतात. आम्लमुक्त कागदाचं फोल्डर त्याहून सोपं.

पेस्ट-अपची मूळ पानं सापडली, म्हणजे कात्रीने कापून डिंकाने चिकटवलेली, ज्यावरून झेरॉक्स काढल्या ती, तर श्वास रोखूनच उचला. जुना गोंद वाळलेला असतो आणि पान तिरकं केलं की अक्षरांचे तुकडे गळतात. ते आडवंच ठेवा, आडवाच फोटो काढा आणि गळलेला प्रत्येक तुकडा त्याच पानासोबत पाकिटात ठेवा.

एक अपवाद लक्षात असू द्या. फॅक्सचा गुळगुळीत थर्मल कागद दिसला तर त्याची प्रत लगेच काढा. तो उजेडात आणि उष्णतेत कोरा होत जातो, आपल्या क्रमासाठी थांबत नाही.

पडताळणी: खोक्यातली कोणतीही वस्तू उचलली, तरी ती कोणत्या थरात कशाशेजारी होती हे फोटोंवरून सांगता येतं का? येत नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा ४: यादी

साधी स्प्रेडशीट पुरते. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्या आणि तो फोल्डरवर लिहा, वस्तूवर नको. रकाने: क्रमांक, प्रकार, नाव जसं छापलं आहे तसं, अंक, तारीख, तारीख कशावरून ठरवली, करणारे, पानं, आकार, कोणाकडून आली, परवानगी, शेरा. "कशावरून" हा रकाना लोक वगळतात आणि दोन वर्षांनी स्वतःच्याच नोंदीवर त्यांचा विश्वास राहत नाही.

नावं सुधारू नका. बँडने स्वतःचं नाव तीन फ्लायरवर तीन तऱ्हांनी लिहिलं असेल तर तिन्ही तशीच नोंदवा. वेगळ्या पानावर नावांची मुख्य यादी ठेवा आणि तिथे ही तिन्ही एका बँडशी जोडा. टोपणनावांचंही तसंच. पण टोपणनावामागचं खरं नाव तुम्हाला माहीत असलं, तरी ते या यादीत घालू नका. ते हवंच असेल तर कुलूपबंद फाइलीत, त्या माणसाला विचारून.

झीनसाठी रकाने कसे पाडावेत याचा तयार नमुना हवा असेल तर झीन-ग्रंथपालांनीच बनवलेली एक्सझीनकोरएक्स ही रचना बघा. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजच्या ग्रंथालयाची सूचीही चाळून बघा. तिथे झीनची नोंद पुस्तकासारखी एकेक करून केलेली असते, आणि आत काय आहे याचा दोन ओळींचा सारांशही असतो.

टप्पा ५: तारखा लावणं

फ्लायरवर वार आणि तारीख असते, साल क्वचितच. ज्याने तो भिंतीवर चिकटवला त्याला सालाची गरज नव्हती. पण वार-तारखेची जोडी हाती असली की साल बरंच जवळ आणता येतं. समजा फ्लायरवर "शुक्रवार, १३ मार्च" आहे. ही जोडी १९८१, १९८७, १९९२, १९९८, २००९, २०१५ आणि २०२० या सालांत येते. म्हणजे मधलं अंतर पाच, सहा किंवा अकरा वर्षांचं. दोन शक्यतांत इतकं अंतर असलं की बाकीचे पुरावे पटकन निवाडा करतात. त्या जागेचा फोन नंबर किती आकडी आहे, खाली ईमेलचा पत्ता आहे का, यादीतला कोणता बँड तेव्हा जन्मलाच नव्हता.

झीनसाठी आतली परीक्षणं वाचा. ज्या डेमोचं परीक्षण छापलं, त्याच्या आधीचा तो अंक असू शकत नाही. शेवटच्या पानावर येत्या गिगची जाहिरात असेल तर अंक बहुधा त्या गिगआधीच वाटला गेला. अशी दोन टोकं मिळाली की "१९९४ च्या उत्तरार्धात" असं ठामपणे लिहिता येतं. एकच टोक असेल तर "१९९४ किंवा नंतर" असं लिहा आणि थांबा. अंदाजाला नेमक्या तारखेचा पोशाख चढवू नका, कारण पुढचा माणूस तो पुरावा समजून वापरेल.

सावधान: फ्लायर म्हणजे गिग होणार असल्याची घोषणा. गिग झाल्याचा तो पुरावा नाही. बँड ऐनवेळी गळतात, जागा दारातच नकार देते, पोलीस वीज बंद करायला लावतात. "जाहीर" आणि "झालं" असे दोन वेगळे रकाने ठेवा. दुसरा रकाना फोटो, रेकॉर्डिंग, गाण्यांची लिहिलेली यादी किंवा हजर असलेल्या किमान दोन माणसांच्या बोलण्यावरूनच भरा.

फोटोंच्या बाबतीत प्रिंटपेक्षा निगेटिव्ह मागा. निगेटिव्हच्या कडेला चौकटींचे क्रमांक असतात. त्यावरून कोण आधी वाजलं, कोण नंतर, हे न विचारता कळतं.

टप्पा ६: मुलाखती

सगळे आधी गायकाकडे जातात. तुम्ही आधी त्या माणसाकडे जा ज्याने जागा ठरवली, दारावर पैसे घेतले, अँप वाहून आणले, किंवा कामाच्या ठिकाणी रात्री गुपचूप झेरॉक्स काढल्या. गायकाला एक बँड आठवतो, दारावर बसलेलीला सगळे आठवतात. त्या दारावर बहुतेक वेळा एखादी मुलगी बसलेली असायची आणि तिचं नाव एकाही फ्लायरवर नसायचं. ते नाव टिपणं आपल्याच हातात आहे.

रिकाम्या हाताने जाऊ नका. तिने हाताळलेला एखादा अंक समोर ठेवा आणि त्यावरच विचारा. "पंक तुमच्यासाठी काय होतं?" या प्रश्नाला सगळ्यांकडून तेच भाषण मिळतं. त्याऐवजी विचारा: "हा अंक कुठे झेरॉक्स केला? किती प्रती? पैसे कोणी घातले? पिना मारायला कोण बसलं होतं? शिल्लक प्रतींचं काय झालं?" एकदा या शेवटच्या प्रश्नावर समोरची व्यक्ती उठली, कपाटावरून एक पिशवी काढली, आणि आम्ही सहा महिने शोधत असलेला अंक टेबलावर ठेवला. पिन मारायची राहून गेलेली, नुसत्या घड्या घातलेली ती पानं होती. बोटाने घडी दाबत ती म्हणाली, "स्टेपलरच्या पिना संपल्या होत्या त्या दिवशी."

रेकॉर्डर दोन लावा. सुरुवातीला तारीख, जागा आणि दोघांची नावं रेकॉर्डिंगमध्येच बोला. दीड तासाच्या पुढे जाऊ नका, माणूस दमतो आणि तुमचं ऐकणंही ढिलं होतं. लिहून काढलेली मुलाखत त्यांना वाचायला द्या आणि जे गाळायला सांगतील ते गाळा.

सावधान: बोलता बोलता कोणी छळाची किंवा मारहाणीची गोष्ट सांगितली, कोणाचं नाव घेतलं, तर रेकॉर्डर थांबवू का हे विचारा. असा भाग त्यांच्या स्पष्ट लेखी होकाराशिवाय कुठेही जाऊ देऊ नका. नाव घेतलेल्या माणसाचाही प्रश्न असतो, त्यामुळे तो भाग उघड करण्याआधी जाणकाराचा कायदेशीर सल्ला घ्या.

टप्पा ७: झीन स्कॅन करणं

सपाट काचेवर पान ठेवायचा फ्लॅटबेड स्कॅनर वापरा. कागद आपोआप ओढून घेणारा नको, तो जुन्या घड्यांवर पान फाडतो. काळं-पांढरं झीन असलं तरी स्कॅन रंगीत करा. कागद गुलाबी होता का, पेनाने कोणी काय खोडलं, डिंकाचा पिवळा डाग कुठे आहे, हे सगळं ग्रेस्केलमध्ये, म्हणजे नुसत्या करड्या छटांत, पुसलं जातं. मूळ फाइल ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), तपशील न गमावणाऱ्या टिफ प्रकारात. ए-४ आकाराचं एक रंगीत पान साधारण १०४ एमबी होतं, त्यामुळे डिस्कचा हिशोब आधीच करा. ३०० डीपीआयची पीडीएफ वाचणाऱ्यांसाठी नंतर वेगळी काढा.

कव्हरपासून मागच्या कव्हरपर्यंत क्रमाने जा. कोरी पानं वगळू नका. आत सरकवलेली चिठ्ठी, स्टिकर किंवा फॉर्म जिथे सापडला त्याच जागी स्कॅन करा. कडा कापू नका, चारही बाजूंनी थोडी पार्श्वभूमी दिसू द्या म्हणजे पान पूर्ण आल्याचं कळतं. एकाच कागदाच्या घड्या घालून केलेलं आठ पानी छोटं झीन असेल तर ते उलगडूनही एकदा स्कॅन करा. आतल्या बाजूला बऱ्याचदा पूर्ण पानाचं पोस्टर असतं आणि नुसती पानं उलटणाऱ्याला ते कधीच दिसत नाही.

छापलेल्या फोटोंवर जाळीसारखी नक्षी उमटली तर मूळ स्कॅनमध्ये सॉफ्टवेअरने ती घालवू नका. जास्त डीपीआयला स्कॅन करून वाचायची प्रत लहान करताना ती बरीचशी आपोआप जाते.

टप्पा ८: कॅसेट

कॅसेट चालवण्याआधी उजेडात धरून तिच्या पारदर्शक खिडकीतून बघा. टेपच्या कडेवर पांढुरकी पूड असेल तर ती बहुधा बुरशी. अशी कॅसेट मशीनमध्ये घालू नका, ती बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागेल. नंतर उघड्या कडेला, मधोमध पातळ धातूच्या पट्टीवर फेल्टचा छोटा तुकडा आहे का बघा. करंगळीच्या नखाहून लहान असतो तो. जुन्या कॅसेटचा हा तुकडा गळून पडतो आणि आवाज दबका, कमी-जास्त येऊ लागतो. लोक मग "टेप खराब झाली" म्हणून सोडून देतात, पण खरं तर टेप स्क्रूवाल्या दुसऱ्या खोळीत हलवली की काम होतं. वरच्या कडेच्या रेकॉर्डिंग रोखणाऱ्या खुंट्या मोडलेल्या नसतील तर त्या मोडा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही.

डेकचं, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राचं, हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) अल्कोहोलने पुसा. मग हेडचा कोन जुळवा, आणि हे प्रत्येक कॅसेटच्या प्रत्येक बाजूला करायचं. घरी भरलेल्या कॅसेट वेगवेगळ्या डेकवर भरलेल्या असतात आणि प्रत्येकाचा कोन थोडा वेगळा. हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवत झांजांकडे कान द्या. त्या सर्वांत लख्ख ऐकू येतील ती जागा बरोबर. ही दोन मिनिटं चुकली तर नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने गेलेला आवाज परत येत नाही.

सावधान: एका बाजूला संथ, जाडसर आवाज आणि दुसऱ्या बाजूला सगळं उलटं वाजतंय असं वाटलं, तर कॅसेट बिघडलेली नाही. ती फोर-ट्रॅक रेकॉर्डरची, म्हणजे चार आवाज वेगवेगळे भरणाऱ्या यंत्राची, आहे. हे रेकॉर्डर चारही पट्ट्या एकाच दिशेने भरतात आणि बरेचसे नेहमीच्या सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरऐवजी दुप्पट वेगाने चालतात. अशी कॅसेट म्हणजे डेमोचं मिक्स होण्याआधीचं मूळ रेकॉर्डिंग. ती बाजूला ठेवा आणि फोर-ट्रॅक मशीन असलेला माणूस शोधा.

रेकॉर्डिंग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही. तासाला साधारण दोन जीबी लागतात. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा. खरखर काढणं, आवाज वाढवणं, गाणी तोडणं हे मूळ फाइलीवर कधीही नाही. दोन गाण्यांमधली शिवी, गिटार जुळवणं, मागून कोणी मारलेली हाक, हे सगळं ठेवा. पुष्कळदा गिगची तारीख तिथेच बोललेली सापडते.

टप्पा ९: आज चाललेलं

जुन्याच्या मागे लागून चालू काळ निसटतो. फ्लायर आता स्टोरीवर येतात आणि २४ तासांत जातात, म्हणून दिसताच तारखेसह जतन करा. "गाणी ऑनलाइन आहेत की" यावर विसंबू नका. मायस्पेसवर २०१५ पर्यंत चढवलेली गाणी सर्व्हर हलवताना गेल्याचं २०१९ मध्ये समोर आलं. बँडकडून लिंक घेऊ नका, मूळ फाइल मागा. गिगला फोटो काढायचे असतील तर आयोजकांना आणि बँडला आधी विचारा. गर्दीतल्या ज्यांचे चेहरे स्पष्ट येतात त्यांनाही विचारा.

टप्पा १०: उघड काय करायचं

प्रत्येक फाइल चढवण्याआधी एकदा पूर्ण वाचा. जुन्या झीनमध्ये घरचे पत्ते, फोन नंबर, शाळकरी मुलांचे फोटो, लिंगबदलाआधीची नावं असतात. चढवायच्या प्रतीत ती झाका, मूळ फाइल तशीच ठेवा. कोणी काढून टाकायला सांगितलं तर आधी काढा, चर्चा नंतर. त्यासाठी एक ईमेल पत्ता ठळक दिसेल असा द्या.

टप्पा ११: प्रती आणि परतफेड

फाइलीच्या नावात रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच ठेवा. सुरुवात वस्तूच्या क्रमांकाने. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या पत्त्यावर. प्रत्येक फाइलीचा चेकसम (फाइल बदलली की बदलणारा, सॉफ्टवेअरने काढलेला आकडा) काढून यादीत नोंदवा आणि वर्षातून एकदा पुन्हा काढून जुळवा. न जुळलेली फाइल लगेच दुसऱ्या प्रतीवरून बदला.

मूळ वस्तू ठरलेल्या दिवशी परत करा, पोचपावतीवरून एकेक नग मोजून. जाताना फाइलींची एक प्रत त्यांच्यासाठी पेनड्राइव्हवर न्या. त्यांच्याकडे चालवायला काही नसेल तर झीनची एक छापील झेरॉक्स, पिना मारलेली.